तुळजाबाईंची चिकटपट्टी

तुळजाबाई सिस्टर माणसाच्या काखेत बघायच्या. मांडीचं हाड मोडलेला कुणीही वॉर्डात येवो, शेतकरी असो, प्राध्यापक असो की मिठाईच्या दुकानाचा मालक, दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला त्या त्याच्या उशाशी उभ्या राहायच्या आणि "हात वर करा" म्हणायच्या. खिडकीच्या उजेडाकडे त्याला जरासा वळवून काखेत डोकावायच्या. मग खालची पापणी ओढून डोळा बघायच्या. मग मनगटावरच्या घड्याळाकडे नजर लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजायच्या. अर्धं मिनिट मोजून त्याची दुप्पट करणाऱ्या लोकांचा त्यांना भारी राग होता.

मी कोल्हापूरहून म्हैसूरला हाडांच्या शास्त्रात पुढचं शिक्षण घ्यायला आले तेव्हा या प्रकाराची मला गंमत वाटली होती. मोडलंय हाड, आणि ही बाई बघतेय काख. वसतिगृहातल्या मैत्रिणींना मी तुळजाबाईंची नक्कलही करून दाखवली होती. ती नक्कल मला आज आठवते तेव्हा कान गरम होतात.

बाई उंचीला बेताच्या, चालायला वाऱ्यासारख्या. कमरेला लाल दोरीने बांधलेली कात्री. ती कात्री किल्ल्यांच्या जुडग्यावर आपटून किणकिणायची, त्यामुळे तुळजाबाई येताहेत हे वॉर्डाला आधी कळायचं आणि बिडी लपवणाऱ्यांना पुरेसा वेळ मिळायचा. त्या म्हैसूरच्या जुन्या मराठी घरातल्या. कुणी पूर्वज राजाच्या घोडदळात होते एवढंच त्यांना ठाऊक होतं. घोडा गेला, तलवार गेली, मराठी राहिली, आणि तीही अर्धी कन्नड. त्यांचं वाक्य मराठीत सुरू व्हायचं, मध्येच कन्नडच्या गल्लीत शिरायचं आणि पलीकडच्या टोकाला पुन्हा मराठीत बाहेर पडायचं.

"तुम्ही कोल्हापूरचे म्हणजे तुमची मराठी स्वच्छ, अल्वा?" पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं. अल्वा म्हणजे कन्नडमधलं 'हो ना'. "आमची स्वल्प मिसळलेली आहे. पण भांडायला पुरते."

भांडायला ती खरंच पुरायची. आणि भांडण बहुतेक वेळा एकाच गोष्टीवरून व्हायचं, ते म्हणजे चिकटपट्टीवरून.

मांडी मोडलेला पेशंट दाखल झाला की तुळजाबाई नातेवाइकांना बाजूला घ्यायच्या आणि विचारायच्या, हा माणूस झोपेतून उठवला तरी चुकणार नाही अशी एक गोष्ट सांगा. लोक गोंधळायचे. नाव, गाव, वार सांगायला लागायचे. "ते नको," बाई म्हणायच्या. "नाव काय, पोपटसुद्धा सांगतो. आणि तारीख मला पण ठाऊक नसते." मग खोदून खोदून त्या नेमकी गोष्ट काढायच्या. हुणसूरच्या मार्गावरच्या बस ड्रायव्हरला विचारायचं, तिसरा थांबा कोणता. मार्केटात मोगरा विकणाऱ्या बाईला विचारायचं, एका हातात किती गजरे मावतात. एका आजींना सात सुना होत्या, तर त्यांची नावं मोठीपासून धाकटीपर्यंत. प्रश्न पांढऱ्या चिकटपट्टीवर मोठ्या कन्नड अक्षरांत लिहून ती पट्टी खाटेच्या डोक्याशी लावली जायची. उत्तर पट्टीवर नसायचं, कारण नातेवाईक कुजबुजून सांगतात. ते एप्रनच्या खिशातल्या छोट्या वहीत असायचं, आणि बाई घरी जाताना ती वही पुढच्या सिस्टरच्या हातात द्यायच्या. प्रत्येक पाळीत कुणीतरी तो प्रश्न विचारायचा, उत्तर वहीशी ताडायचं आणि मग केसपेपरवर लिहायचं. हा नियम तुळजाबाईंचा होता, इस्पितळाचा नव्हता. आमच्या युनिटचे सर तो निमूट पाळायचे, तेव्हा आम्ही कोण लागून गेलो.

एकदा एका निवृत्त कारकुनांच्या पट्टीवर त्यांच्या लग्नाची तारीख आली. बायकोनेच सुचवली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी गृहस्थ साफ चुकले. तुळजाबाई धावल्या, काख, डोळा, श्वास, सगळं झालं, मला बोलावणं आलं, ऑक्सिजनची नळी लागली. बायको कोपऱ्यात डब्याची झाकणं लावत शांतपणे म्हणाली, "त्यांना ती कधीच आठवलेली नाही. म्हटलं या निमित्ताने पाठ होईल." तेव्हापासून पुरुषांना लग्नाची तारीख विचारायची नाही असा एक पोटनियम झाला.

हे सगळं कशासाठी, ते त्यांनी मला एका दुपारी पट्ट्या कापता कापता सांगितलं. मांडीचं हाड मोठं, आत मज्जा भरलेली, मज्जेत चरबी. हाड मोडलं की ती चरबी कधीकधी थेंबाथेंबाने रक्तात उतरते. "सारावर तुपाचे थेंब तरंगतात ना, तसं," त्या म्हणाल्या. थेंब आधी फुप्फुसात अडकतात आणि श्वास वाढतो. तिथून निसटले की मेंदूत जातात. पण हे लगेच होत नाही. पहिला दिवस माणूस छान बोलतो, जेवतो, पाय दुखतो म्हणून शिव्या देतो. नंतरच्या दोन दिवसांत कधीतरी तो आतून हळूच सरकायला लागतो. आधी जरासा चिडतो, मग काहीबाही बोलतो, मग झोपाळतो, आणि मग हाक मारली तरी येत नाही. काहींच्या काखेत, छातीवर, पापणीच्या आत बारीक लाल ठिपके उमटतात. सगळ्यांना येत नाहीत, आणि आले तरी एखाद्या दिवसात मावळून जातात.

"पुस्तकात आहे हे सगळं," मी म्हणाले.

"पुस्तकात आहे. आम्ही त्या दिवशी वाचलं नव्हतं."

मग त्यांनी गवंड्याची गोष्ट सांगितली. त्या नोकरीला नव्या असताना, दुसऱ्या एका गावच्या इस्पितळात, परांचीवरून पडलेला एक गवंडी आला होता. मांडी मोडलेली. दुसऱ्या दिवशी तो बडबडायला लागला, खाटेवरून उतरून पळायला बघू लागला. डॉक्टर म्हणाले, दारू तुटली की असंच होतं. त्याची बायको पुन्हा पुन्हा सांगत होती की हा पीत नाही. कुणी ऐकलं नाही. "मी पण नाही ऐकलं," तुळजाबाई म्हणाल्या. "मला सांगितलं बांध, मी बांधला. दोन्ही हात खाटेला. अशी घट्ट गाठ मारली की शाबासकी मिळाली मला." दुसऱ्या दिवशी तो गेला. त्याचं अंग पुसायला म्हणून बाईंनी हात सोडून वर केले, तर दोन्ही काखा ठिपक्यांनी भरलेल्या, मोहरीहून बारीक, लाल. "हात बांधले होते ना. मग काख दिसणार कशी?"

एवढं बोलून त्यांनी पट्टी कराकरा कापली आणि दाराकडे तोंड करून कुणालातरी बेडपॅन उचलायला सांगितलं. त्या रडल्या वगैरे नाहीत. तुळजाबाईंनी नंतर आयुष्यात एकाही पेशंटचे हात बांधू दिले नाहीत. कुणी फारच झटापट करू लागला तर त्या स्टूल ओढून त्याचा हात धरून बसायच्या, दोन दोन तास.

आता तेनझिनकडे येते. ते मला सांगायचंच आहे, आणि सांगायची थोडी भीतीही आहे.

तेनझिन बैलकुप्प्याच्या तिबेटी वसाहतीतला तरुण भिक्खू. कुणाच्यातरी स्कूटरवर मागे बसून येताना ट्रॅक्टरची धडक बसली. उजवी मांडी मधोमध मोडलेली, बाकी अंगावर ओरखडासुद्धा नाही. डोक्याला मार नाही, शुद्ध गेलेली नाही. सोबत दोर्जे नावाचे वयस्क भिक्खू आले होते. दोघेही कन्नड छान बोलत होते, तुळजाबाईंपेक्षा शुद्ध. बाईंनी दोर्जेंना बाजूला घेऊन नेहमीचा प्रश्न विचारला. ते हसले. तेनझिन तीन वर्षं मठाच्या स्वयंपाकघरात सकाळचा चहा करायचा, शेकडो जणांचा. पट्टी लागली: सकाळच्या चहात पत्तीनंतर आधी काय घालतोस?

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांची धावपळ चालली होती. शस्त्रक्रियेची यादी लांबलेली, सर थिएटरात अडकलेले, सकाळच्या सिस्टर दुसऱ्या पेशंटला क्ष-किरणाला घेऊन गेलेल्या. मी एकटीच राउंड उरकत होते. तेनझिनच्या खाटेशी आले. तो छताकडे बघत होता. मी पट्टी वाचली आणि प्रश्न विचारला. त्याने थोडा वेळ घेतला आणि म्हणाला, "सक्करे."

साखर. बरोबरच होतं की. चहात साखर नाही तर काय घालणार? वही सिस्टरच्या खिशात होती. ती आणवून ताडून बघावं असं मला वाटलंसुद्धा नाही, इतकं ते उत्तर माझ्या ओळखीचं होतं. मी केसपेपरवर लिहिलं, 'प्रश्नाला योग्य उत्तर', आणि पुढच्या खाटेकडे गेले. तेव्हा साडेअकरा वाजले असतील.

दोनला कात्री किणकिणत आली. मी टेबलाशी बसून नोंदी लिहीत होते. तुळजाबाईंनी तेनझिनचा कागद वाचला, वही उघडली, त्याच्यापाशी जाऊन प्रश्न विचारला, आणि मला त्यांची हाक ऐकू आली. आवाज चढलेला नव्हता.

"डाक्टरबाई, इल्ली, इकडे या. तुम्ही विचारलं तेव्हा हा काय म्हणाला?"

"साखर."

"त्यांच्या चहात मीठ असतं. मीठ आणि लोणी. साखर घातली तर अख्खा मठ याच्या अंगावर धावून येईल."

बोलता बोलता त्यांनी त्याचा हात वर केला होता. काखेत ठिपके होते. मोहरीहून बारीक, लाल, मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. पापणी ओढली, तिथेही तीन-चार. बाई घड्याळाकडे बघून श्वास मोजू लागल्या आणि मी वॉर्डातलं एकुलतं एक ऑक्सिजन मोजणारं यंत्र आणायला पळाले. त्याला बाई 'चिमटा' म्हणायच्या. चिमटा बोटाला लावला तर आकडा शहाऐंशी, हवा पंचाण्णवच्या वर. श्वास मिनिटाला चौतीस. अंगात ताप, नाडी घोड्यासारखी. मी नाव घेऊन हाक मारली तर त्याने डोळे उघडले आणि माझ्यातून पलीकडे कुठेतरी बघितलं.

अडीच तास. माझ्या एका ओळीने त्याचे अडीच तास गेले होते.

तुळजाबाई मला एकच वाक्य बोलल्या, ऑक्सिजनचा मुखवटा त्याच्या तोंडावर बसवता बसवता. "प्रश्न तुम्ही विचारलात. काख नाही बघितलीत." बस्स. पुढे कधीही, कुणासमोरही, त्यांनी तो विषय काढला नाही.

मी थिएटरात फोन लावला. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, "सिस्टरना काय वाटतं?" मी सांगितलं. "मग तेच धरून चला. अतिदक्षता विभागात हलवा. डोक्याचा सीटी करून घ्या, आत रक्तस्राव नाही एवढं बघायला. तो स्वच्छ आला तर फसू नका." सीटी स्वच्छ आला. चित्रात काहीही नाही, आणि संध्याकाळपर्यंत माणूस मात्र हाकेला ओ देईना. श्वासनलिकेत नळी घालून त्याला यंत्रावर घ्यावं लागलं. मी विचारलं, औषध काय द्यायचं? स्टेरॉइड? सर म्हणाले, त्याचा उपयोग होतो की नाही यावर जाणत्यांचेच वाद आहेत. तुळजाबाईंनी ते त्यांच्या भाषेत सांगितलं. "याला औषध नाही. याला राखण आहे." प्राणवायू कमी पडू द्यायचा नाही, रक्तदाब पडू द्यायचा नाही, मोडलेलं हाड हलू द्यायचं नाही, आणि मेंदूला त्याचा त्याचा वेळ द्यायचा.

दुसऱ्या दिवशी एमआरआय करायचं ठरलं. ते यंत्र आमच्याकडे नव्हतं, गावातल्या एका खाजगी केंद्रात होतं. ती फेरी मी जन्मात विसरणार नाही. पायाला लोखंडी सांगाडा चालणार नव्हता, म्हणून तुळजाबाईंनी लाकडी फळी आणि कापसाच्या घड्या लावून पाय असा बांधला की सुतारानेही बघत राहावं. बाईंची सकाळची ड्युटी नव्हती. त्या आल्या. रुग्णवाहिकेत भूल देणाऱ्या डॉक्टरांसोबत श्वासाचा फुगा आळीपाळीने दाबायचा होता. बाईंनी फुगा हातात घेतला तो पोचेपर्यंत सोडलाच नाही. सिग्नलला गाडी अडली की त्या खिडकीतून ट्रॅफिकच्या पोलिसाला कन्नडमध्ये असं काही सुनावायच्या की तो शिट्टी तोंडात धरून बाजूला व्हायचा. दाब, सोड, दाब, सोड, आणि मध्येच मला, "डाक्टरबाई, चिमटा बघा, किती?" मी आकडा सांगायची. ब्याण्णव. "आयतु, छान." त्र्याण्णव. मी घाबरलेली होते आणि तरी खोटं कशाला बोलू, त्या गाडीत मला इतकं जिवंत वाटत होतं की ओरडावंसं वाटत होतं.

केंद्राच्या दारात त्यांची कात्री काढून घेतली. आत जबरदस्त लोहचुंबक, धातू चालत नाही. चाचणी होईपर्यंत बाईंचा हात पुन्हा पुन्हा कमरेच्या रिकाम्या दोरीकडे जात होता. मग पडद्यावर चित्र आलं. काळसर मेंदूभर पांढरे ठिपके विखुरलेले, दोन्ही बाजूंना, खोलवर. तिथले डॉक्टर म्हणाले, याला तारांगण म्हणतात, हेच ते, शंका नको. तुळजाबाई काचेला नाक लावून बघत राहिल्या.

"रांगोळीचे ठिपके घातलेत," त्या म्हणाल्या. "रेषा जोडायच्या राहिल्यात."

प्राणवायू दोन दिवस टिकून राहिल्यावर सरांनी बाहेरून दांड्या लावून हाड स्थिर केलं. त्यानंतर काम उरलं ते वाट बघण्याचं. तेनझिन झोपलेला. कुशीवर वळवायचा, पाठ चोळायची, नळी साफ करायची. तुळजाबाईंनी वॉर्डातली ती पट्टी सोलून आणून अतिदक्षतेतल्या खाटेला लावली होती. रोज दोनला त्या वर यायच्या, काख, डोळा, आणि मग शुद्ध नसलेल्या माणसाला प्रश्न विचारायच्या, जोरात. "कंदा, बाळा, चहात आधी काय घालतोस?" तिथल्या सिस्टर हसायच्या. मी हसत नव्हते. मी रोज त्यांच्या मागे उभी असायचे.

सातव्या दिवशी दोर्जे माझ्याकडे आले. त्यांनी शांतपणे विचारलं की तेनझिनच्या शरीरात अजून कुणी आहे का. नसेल तर त्याला मठात परत न्यावं असं त्यांना वाटत होतं. तिथे त्याच्याभोवती प्रार्थना होईल, यंत्राचा आवाज नसेल. मी त्यांना सगळं सांगितलं, सकाळचं उत्तर, मी लिहिलेली ओळ, अडीच तास. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुमच्या चहात साखर असते." त्या माणसाने मला एवढंच म्हटलं, आणि मी कॉरिडॉरमध्ये उभी राहून ढसाढसा रडले.

तुळजाबाई मागून आल्या. माझ्याकडे त्यांनी लक्ष दिलं नाही, दोर्जेंसमोर हात जोडले. "स्वामी, डोक्याला मार लागून झोपलेला वेगळा आणि हा वेगळा. यातले पुष्कळ परत येतात. मी बघितलेत. सगळे येतात असं मी म्हणणार नाही, खोटं नाही बोलणार. पण याला आत्ता नेऊ नका. अजून पंधरा दिवस मला द्या."

दोर्जे पंधरा दिवस द्यायला तयार झाले. आणि दहाव्या दिवशी तेनझिनने डोळे उघडले. बाराव्या दिवशी नजर माणसामागे फिरायला लागली. चौदाव्या दिवशी नळी निघाली. तुळजाबाईंनी प्रश्न विचारला. उत्तर नाही. दुसऱ्या दिवशी विचारला. नाही. त्याच्या पुढच्या दिवशी ओठ हलले आणि घोगऱ्या आवाजात शब्द आला, "सक्करे."

मला ती साडेअकराची सकाळ आठवली. तुळजाबाई मात्र लग्नघरातल्या वरमाईसारख्या सगळ्या विभागात फिरून आल्या. "बोलला! चुकला, पण बोलला. काल दगड होता, आज चुकतो तरी!"

मग तो दिवस आला. दोर्जे मठातून थर्मास घेऊन आले होते. तेनझिनच्या जागी आता दुसरा कुणीतरी चहा करत होता. दोर्जेंनी आधी बाईंना एक वाटी दिली, मान म्हणून. तुळजाबाईंनी एक घोट घेतला, चेहरा अगदी सरळ ठेवला, आणि वाटी हळूच माझ्या हातात सरकवली. खारट, तेलकट, गरम. मीही चेहरा सरळ ठेवला. मग बसतं केलेल्या तेनझिनच्या ओठाला दोर्जेंनी वाटी लावली. गिळताना ठसका लागत नाही ना म्हणून बाई त्याच्या गळ्यावर बोट ठेवून होत्या. त्याने घोट घेतला. थांबला. कपाळाला आठी पडली. त्याने दोर्जेंकडे असं बघितलं, जसं स्वयंपाकघरातला मुख्य माणूस नवशिक्याकडे बघतो, आणि कन्नडमध्ये अगदी स्पष्ट म्हणाला,

"उप्पु कडिमे."

मीठ कमी आहे.

तुळजाबाईंनी जी आरोळी ठोकली ती खालच्या मजल्यावरच्या आमच्या वॉर्डात ऐकू आली म्हणतात. त्यांनी पट्टी फर्रकन सोलली, कपाळाला लावल्यासारखी केली आणि दोर्जेंच्या हातात दिली. दोर्जे हसत होते आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. मी पुन्हा रडत होते, पण या वेळी मला त्याची लाज वाटली नाही. तेनझिन आम्हा तिघांकडे बघून गोंधळला होता. त्याची अडचण साधी होती, चहात मीठ कमी होतं आणि कुणीच काही करत नव्हतं.

तो पुढे कुबड्यांवर आणि मग कुबड्यांशिवाय चालायला लागला. मठातल्या चहावर पुन्हा त्याचीच हुकूमत आली. बाई निवृत्त झाल्या तेव्हा तो लोण्याचा एक गोळा घेऊन आला होता. तुळजाबाईंनी तो घरी नेऊन तूप कढवलं.

मी म्हैसूरातच राहिले, इथलीच झाले. माझीही मराठी आता स्वल्प मिसळलेली आहे. माझ्या वॉर्डात अजून चिकटपट्टी असते, प्रश्न नातेवाइकांना विचारून लिहिला जातो, आणि नवे डॉक्टर माझी नक्कल करत असणार याबद्दल मला शंका नाही.

मागच्या काही वर्षांतली गोष्ट. गावाबाहेरच्या बोगादीहून तुळजाबाईंच्या भाचीचा फोन आला. सकाळी अंगणात सडा घालताना बाईंचा पाय घसरला होता. मांडी मोडली होती. बाई माझ्याच वॉर्डात आल्या, केस पांढरे शुभ्र, शरीर निम्मं झालेलं, आवाज तोच. दाखल होताच त्यांनी सिस्टरकडून पट्टी मागून घेतली आणि थरथरत्या अक्षरात प्रश्न स्वतःच लिहिला: तेनझिनच्या चहात आधी काय? उत्तर वहीत लिहायला सिस्टरला कानात सांगितलं. मला वही बघायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची शस्त्रक्रिया होती. थिएटरात न्यायला ढकलगाडी आली होती. मी उशाशी गेले. डोळे अर्धे मिटलेले होते. मी पट्टीकडे न बघता प्रश्न विचारला.

त्यांनी डोळे उघडले नाहीत. "सक्करे," त्या पुटपुटल्या.

माझ्या हातातला कागद कुठे पडला ते मला कळलं नाही. मी त्यांचा हात वर केला, झगा बाजूला सारला, खिडकीच्या उजेडाकडे त्यांना वळवलं. काख कोरडी, सुरकुतलेली, पावडरीचा वास, ठिपका एकही नाही. दुसरी काख. नाही. पापणी ओढली. स्वच्छ. घड्याळाकडे बघून श्वास मोजायला लागले, एक, दोन, तीन. अर्ध्या मिनिटाच्या पुढे गेले आणि छाती विचित्र हलायला लागली. मी घाबरून वर बघितलं. तुळजाबाई हसत होत्या. आवाज न करता, गाल फुगवून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"मीठ हो डाक्टरबाई, मीठ," त्या म्हणाल्या. "पण काख बघितलीत. आणि पूर्ण मिनिट मोजणार होतात, अल्वा? मी बघत होते घड्याळ."

मी त्यांचा तो सुरकुतलेला हात दोन्ही हातांत धरला, इतकंच. वॉर्डबॉयने गाडीचा ब्रेक काढला.

त्यांचं हाड जुळलं. त्या भाचीसोबत नंतर हुबळीकडे गेल्या आणि तिथेच वारल्या. मला उशिरा कळलं, जाणं झालं नाही. त्यामुळे माझ्या डोळ्यांसमोर त्या आहेत त्या त्याच सकाळच्या. गाडी थिएटरच्या दारातून आत चालली आहे, दारात एक तरुण सिस्टर कागद तपासायला उभी आहे, आणि तुळजाबाईंनी तिला काही विचारायची संधी न देता आपला उजवा हात आधीच वर करून ठेवला आहे.